अजून कोण रोलवर फोटो काढतं? जुने फिल्म कॅमेरे, घरची धुलाई आणि प्रिंट

कातळकडा

फिल्म फोटोग्राफीचा विषय निघाला की लोक दोनच गोष्टी बोलतात. जुने दिवस किती छान होते, आणि फिल्मचा लुक कसा वेगळाच असतो. मला दोन्ही फारसं पटत नाही. फिल्मसारखे रंग मोबाईलच्या ॲपमध्येही मिळतात, आणि जुन्या दिवसांचं म्हणाल तर मी डिजिटलवरच वाढलो. तरीही गेली काही वर्षं सह्याद्रीत हिंडताना माझ्या सॅकमध्ये निकॉन एफएम२ आणि कृष्णधवल रोल असतो.

मला यातून मिळालेली सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे उजेड वाचता यायला लागला. डिजिटलवर आपण फोटो काढतो, मागच्या स्क्रीनवर बघतो, काळा आला तर चाक फिरवतो, पुन्हा काढतो. उजेड किती आहे हे आपल्याला कधी ठरवावंच लागत नाही. रोलवर ३६ फ्रेम, आणि काय आलं ते कळणार रोल धुतल्यावर. मग डोळे आपोआप कामाला लागतात.

सुरुवात 'सनी सिक्स्टीन' या उजेडाच्या अंदाजाच्या नियमाने होते. लख्ख उन्हात ॲपर्चर, म्हणजे लेन्समधलं उजेडाचं भोक, एफ १६ ठेवायचं (एफचा आकडा लहान तितकं भोक मोठं) आणि शटर फिल्मच्या स्पीडच्या, म्हणजे उजेड टिपण्याच्या क्षमतेच्या आकड्याच्या, जवळचं: १०० च्या फिल्मला १/१२५ सेकंद, ४०० च्या फिल्मला १/५००. ऊन विरळ झालं, सावल्या मऊ पडायला लागल्या की एफ ११. ढगाळ असेल तर एफ ८. गच्च आभाळ आलं की एफ ५.६. सावलीची कड बघायची आणि आकडा ठरवायचा. महिन्या-दोन महिन्यांत कॅमेऱ्यातलं उजेड मोजणारं मीटर न बघता अंदाज जमायला लागतो, आणि मग कॅमेरा हातात नसतानाही आपण उजेड मोजत असतो. एसटीत, जिन्यात, देवळाच्या मंडपात.

याच्या पुढची पायरी म्हणजे मीटरचं कुठे ऐकायचं नाही ते कळणं. पावसाळ्यात हरिश्चंद्रगडावर ओला बेसाल्ट जवळजवळ काळा दिसतो. मीटरला काळं-पांढरं कळत नाही, समोर जे असेल ते त्याला मधल्या करड्या रंगाचं करायचं असतं. ओल्या कातळाकडे रोखलं तर ते म्हणतं, १/६० ला एफ ५.६. तसं काढलं तर कातळ राखाडी, फिकट येतो, आणि मागचे ढग निगेटिव्हवर इतके दाट बसतात की प्रिंटमध्ये पांढरा पडदा उरतो. तिथे मी १/१२५ ला एफ ८ लावतो, मीटरपेक्षा दोन स्टॉप कमी (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा किंवा दुप्पट). कातळ काळाच राहतो, त्याच्यावरची पाण्याची ओघळ चमकते, ढगांना पोट दिसतं. वारीत उलटी गोष्ट. पांढरी धोतरं, पांढऱ्या टोप्या, मीटर बिचकतं आणि चेहरे काळे पडतात, तिथे दीड-दोन स्टॉप जास्त द्यायचे.

ॲन्सेल ॲडम्स आणि फ्रेड आर्चर या अमेरिकन छायाचित्रकारांची झोन सिस्टीम १९४० च्या आसपासची आहे. तिचा गाभा हाच, की समोरचा कोणता भाग किती काळा किंवा किती उजळ यावा हे शटर दाबायच्या आधी आपण ठरवायचं.

एफएम२ १९८२ चा. शटर पूर्ण मेकॅनिकल, १/४००० पर्यंत जातं. बॅटरी फक्त मीटरला लागते, संपली तरी फोटो निघतात. गडावर याचा फार आधार वाटतो.

तुम्ही कुणी रोल वापरता का? कोणता कॅमेरा? धुवायला कुठे टाकता, की घरीच?

सांजवेळ

अगदी वेळेवर धागा आला. आजोबांचा अगफा क्लिक थ्री सापडलाय. चामड्याच्या केससकट. घरातले कितीतरी फोटो त्याच्यावरचेच आहेत, चौकोनी, छोटे, पांढऱ्या नागमोडी कडांचे. आई म्हणते आजोबा कुणाला हात लावू द्यायचे नाहीत. शटर 'टक्' करून वाजतं. याला रोल मिळतो का अजून? आणि मिळाला तर काही येईल का त्यातून?

कातळकडा

@सांजवेळ, नक्की येईल. त्याला १२० या मापाचा रोल लागतो आणि तो आजही तयार होतो. इल्फर्ड, कोडॅक, फोमा या तिघांचेही मिळतात, ऑनलाईन मागवता येतात. एका रोलमध्ये ६ बाय ६ सेंटीमीटरचे बारा फोटो. पूर्वी या निगेटिव्हवरून तेवढ्याच आकाराची कॉन्टॅक्ट प्रिंट करून द्यायचे, तुमचे छोटे फोटो तेच असणार. क्लिक थ्री बडोद्याला बनत असे, त्यामुळे आपल्याकडे घरोघरी तो दिसायचा.

शटर एकच, साधारण १/५० सेकंद. ॲपर्चरला ऊन आणि ढग एवढ्याच खुणा. त्यामुळे भर उन्हात १०० चा रोल वापरा. हिशोबाने दोन स्टॉप जास्त उजेड पडेल, पण निगेटिव्ह फिल्म तेवढं पोटात घेते. ४०० चा रोल पावसाळ्यासाठी ठेवा. उन्हात तो चार स्टॉप वर जाईल आणि निगेटिव्ह गच्च काळी येईल.

एक गोष्ट न विसरता करा. मागच्या झाकणाला लाल काचेची छोटी खिडकी आहे, तिच्यातून रोलवरचा आकडा दिसतो. ती खिडकी अशा काळातली कल्पना आहे जेव्हा पुष्कळशा फिल्मना लाल उजेड दिसत नसे. आजच्या पॅनक्रोमॅटिक, म्हणजे सगळ्या रंगांचा उजेड टिपणाऱ्या, फिल्मला दिसतो. तिच्यावर काळी चिकटपट्टी लावा, आणि रोल पुढे सरकवताना सावलीत उभं राहून तेवढ्यापुरती उचला. कॅमेरा चामड्याच्या केसमध्ये मात्र परत ठेवू नका.

पश्चिमघाट_रॉ

कातळकडा, लेखन आवडलं, पण मुद्द्याशी सहमत नाही. मी लग्नाचे फोटो काढतो, पोट त्यावर आहे. उजेड वाचायला फिल्मच कशाला हवी? डिजिटल कॅमेरा मॅन्युअलवर टाका, स्क्रीनवर चिकटपट्टी लावा, एक प्राइम (झूम नसलेली) लेन्स घ्या, आणि दिवसाला ३६ च फोटो काढायचे असं ठरवा. तेच शिक्षण फुकटात. रंगीत रोल आज हजाराच्या घरात, धुलाई-स्कॅनिंग वेगळं. शिवाय शेवटी तुम्ही निगेटिव्ह स्कॅनच करता ना? म्हणजे फिरून डिजिटलच झालं. एवढ्या पैशात शिकणाऱ्या मुलाला एक चांगली लेन्स येईल, मी तरी त्याला तोच सल्ला देईन.

कातळकडा

पैशाचा मुद्दा मान्य. शिकणाऱ्या मुलाकडे एकच कॅमेरा घेण्याइतके पैसे असतील तर त्याने डिजिटलच घ्यावा, मीही हेच सांगेन.

चिकटपट्टीचं मात्र तसं नाही. ती काढता येते हे मनाला ठाऊक असतं. रोलवरची फ्रेम एकदा गेली की गेली, आणि हे शटर दाबताना बोटाला माहीत असतं. त्या जाणिवेने बघण्यात फरक पडतो असं माझं ठाम मत आहे.

स्कॅनबद्दल: मी स्कॅन करतो ते तुम्हाला दाखवायला. घरात लावायचे फोटो एन्लार्जरखाली, म्हणजे निगेटिव्ह मोठी करून कागदावर पाडणाऱ्या यंत्राखाली, करतो. आणि निगेटिव्ह फाईलमध्ये शिल्लक असतेच. हार्ड डिस्क बंद पडली, पासवर्ड हरवला, फॉरमॅट जुना झाला, यातल्या कशाचाच तिला फरक पडत नाही. खिडकीशी धरली की दिसते.

हायपोवाले

पहिल्यांदाच लिहितो आहे, सांभाळून घ्या. सातारा जिल्ह्यात आमचा स्टुडिओ होता, वडिलांनी काढलेला, नंतर मी चालवला. रंगीत लॅब आल्या, मग डिजिटल आलं, तरी कृष्णधवलची डार्करूम मी बरीच वर्षं मोडली नव्हती.

पश्चिमघाट यांनी लग्नाचं काढलं म्हणून सांगतो. आमच्या वेळी खेडेगावातलं अख्खं लग्न १२० च्या दोन-तीन रोलमध्ये बसवायचं. म्हणजे चोवीस किंवा छत्तीस फोटो, त्यात सीमंतीपूजन, हळद, मंगलाष्टकं, कन्यादान, सप्तपदी, पाहुण्यांचे ग्रुप, सगळं आलं. अंतरपाट खाली येतो तो क्षण एकच. फ्लॅश एकदा उडाला की पुन्हा चार्ज व्हायला वेळ लागायचा, त्यामुळे पाचव्या मंगलाष्टकाला उडवून बसलात तर अंतरपाटाला हात रिकामे. भटजींचा सूर ऐकून कळायचं की आता शेवटचं 'शुभमंगल' येतंय. याशिका मॅट वरून बघायचा कॅमेरा, त्यात डावं-उजवं उलटं दिसतं. नवरा-नवरी डावीकडे सरकली की कॅमेरा कुठे वळवायचा हे हाताला पाठ असावं लागे.

रोल उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सचे असायचे, इंदू नावाचे. सरकारी कंपनी, १९६० ची. आयात माल महाग आणि तुटवड्याचा, तेव्हा लहान गावातल्या स्टुडिओंना इंदूचा मोठा आधार होता. डेव्हलपर, म्हणजे फिल्मवर चित्र उमटवणारं रसायन, आम्ही स्वतः वजन करून बनवायचो. डी-७६ चा फॉर्म्युला कोडॅकने १९२७ साली आणलेला, आजही तोच चालतो: लिटरला मेटॉल २ ग्रॅम, सोडियम सल्फाइट १०० ग्रॅम, हायड्रोक्विनोन ५ ग्रॅम, बोरॅक्स २ ग्रॅम. याच क्रमाने विरघळवायचं, फक्त मेटॉलच्या आधी चिमूटभर सल्फाइट टाकायचं म्हणजे डेव्हलपर तपकिरी पडत नाही. हायपो, म्हणजे चित्र पक्कं करणाऱ्या फिक्सरचं रसायन, पोत्याने यायचा, खडीसाखरेसारखे खडे.

आता रिटचिंगचं, म्हणजे निगेटिव्हवरच चेहरा दुरुस्त करण्याचं, सांगतो, कारण ते करणारी माणसं फार थोडी उरली. त्या काळी देवीचे व्रण असलेले चेहरे पुष्कळ असत. मुलगी दाखवायचा फोटो काढायला आई-वडील घेऊन यायचे आणि हळूच विचारायचे, जरा नीट करून द्याल ना. व्रणाच्या खड्ड्यात सावली असते. निगेटिव्हवर ती सावली म्हणजे मोकळा, पारदर्शक ठिपका. तो ठिपका पेन्सिलीने भरला की प्रिंटमध्ये तिथे काळं उमटत नाही, कातडी सपाट दिसते. निगेटिव्ह तिरक्या डेस्कवर ठेवायची, खालच्या आरशातून उजेड वर यायचा. इमल्शनच्या, म्हणजे चित्र धरणाऱ्या थराच्या, बाजूला रिटचिंगचं औषध अगदी पातळ चोळायचं, म्हणजे पेन्सिल धरते. पेन्सिलीचं टोक पॉलिश पेपरवर घासून सुईसारखं करायचं. रेघ ओढायची नाही, स्वल्पविरामासारखे बारीक ठिपके द्यायचे. डोळ्यावर भिंग, श्वास रोखून. एका चेहऱ्याला तास-तास जायचा.

वडिलांचा नियम होता, सगळे व्रण घालवायचे नाहीत. गालावरचे मऊ करायचे, कपाळावरचा एखादा राहू द्यायचा. 'पोरगी लग्नमंडपात तीच दिसली पाहिजे,' म्हणायचे. मी तो नियम शेवटपर्यंत पाळला.

सांजवेळ

हायपोवाले, तुमचा प्रतिसाद आईला मोठ्याने वाचून दाखवला. आत्याच्या लग्नाआधीचा असाच एक फोटो आमच्याकडे आहे, स्टुडिओचा शिक्का मागे. आता नीट बघितला.

त्याच डब्यात बटर पेपरच्या पाकिटांत निगेटिव्ह आहेत. काही छान सपाट आहेत, पण काही गुंडाळी झाल्यात आणि डबा उघडला की व्हिनेगरसारखा वास येतो. हे काय असतं?

कातळकडा

जुन्या फिल्मचा पाया सेल्युलोज ॲसिटेटचा असतो. उष्णता आणि दमटपणाने तो तुटायला लागला की ॲसेटिक ॲसिड सुटतं, तो वास. आणि ते ॲसिडच पुढच्या बिघाडाचा वेग वाढवतं. वासाच्या निगेटिव्ह आजच वेगळ्या करा, बाकीच्यांना त्यांची हवा लागू देऊ नका. पाकिटंही नवीन वापरा. मऊ पीव्हीसीची नकोत, ती दमट हवेत निगेटिव्हला चिकटतात. पॉलिप्रॉपिलीनची किंवा ग्लासीन कागदाची घ्या.

गुंडाळी झालेल्या जबरदस्तीने सपाट करू नका, इमल्शन तडकेल. आधी त्यांचे फोटो काढून ठेवा. डिजिटल कॅमेरा, मॅक्रो लेन्स आणि पांढऱ्या उजेडाचा लाइट पॅड एवढं पुरतं. कॅमेरा आणि निगेटिव्ह समांतर, खोलीत अंधार, इमल्शनची बाजू लेन्सकडे धरली असेल तर नंतर चित्र आरशासारखं उलटवायचं. पश्चिमघाट, हे काम तुमच्या गिअरवर उत्तम होईल, जरा मार्गदर्शन कराल का?

पश्चिमघाट_रॉ

करतो की. @सांजवेळ, आयएसओ बेसवर (कॅमेऱ्याच्या मूळ, कमी आकड्यावर) ठेवा, ॲपर्चर एफ ८, रॉमध्ये काढा, शटर रिमोटने किंवा टायमरने. लाइट पॅड आणि निगेटिव्ह यांच्यात बोटभर अंतर ठेवा म्हणजे पॅडचे ठिपके आणि धूळ फोकसमध्ये येत नाही. निगेटिव्हच्या चारही बाजूंचा उघडा उजेड काळ्या कागदाने झाका, नाहीतर काँट्रास्ट पडतो. पुण्यात असाल तर मेसेज करा, माझ्याकडे स्टँड आहे, एका दुपारी सगळं उरकेल.

बोरीबंदर

सुंदर चाललाय धागा. मुंबईची थोडी भर.

आपल्याकडे हा छंद फार जुना आहे. १८५४ साली मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली, आणि पुढच्याच वर्षी एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये फोटोग्राफीचे वर्ग सुरू झाले. हरिश्चंद्र चिंतामण यांच्यासारखे मुंबईचे सुरुवातीचे व्यावसायिक छायाचित्रकार तिथलेच. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हेही त्या सोसायटीतले. तेव्हा वेट कोलोडियनच्या काचा यायला लागल्या होत्या. काचेवर रसायन ओतायचं, ओली असतानाच फोटो घ्यायचा आणि सुकायच्या आत धुवायची. मुंबईच्या उकाड्यात ते काय दिव्य असेल! अख्खी डार्करूम तंबूत घालून सोबत न्यावी लागायची.

आणि वृत्तछायाचित्रकार होमाई व्यारावाला. जन्म नवसारीचा, १९१३ चा, शिक्षण मुंबईत जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये. स्वातंत्र्याच्या वेळची दिल्ली त्यांनी रोलिफ्लेक्सवर टिपली. रोलिफ्लेक्समध्येही बाराच फ्रेम. समोर नेहरू, माउंटबॅटन, गर्दी, पोलिस, आणि बारा फोटोंनंतर उभ्या-उभ्या रोल बदलायचा. त्यांचे फोटो बघताना मला सारखं जाणवतं की यातला एकही 'असू दे, काढून ठेवू' म्हणून काढलेला नाही. अलीकडचं हवं असेल तर छायाचित्रकार सुधारक ओलवे यांनी मुंबई महापालिकेच्या सफाई कामगारांवर केलेलं कृष्णधवल काम बघा. गटारातल्या माणसाच्या अंगावरचा चिखल आणि कातडी यांच्यातला फरक त्या करड्या छटांमध्ये जसा येतो तसा रंगीत फोटोत आला नसता.

कॅमेरा शोधणाऱ्यांसाठी: चोर बाजारात मटण स्ट्रीटला अजून जुने कॅमेरे दिसतात, फोर्टात बोरा बझारच्या बाजूलाही चौकशी करावी. घेताना झाकण उघडून लेन्समधून टॉर्च मारा. आत कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर बुरशी. शटर एक सेकंदावर ठेवून ऐका, मध्येच अडखळत असेल तर सर्व्हिसिंग लागणार. झाकणाच्या खाचेतला काळा फोम बोटाला डांबरासारखा चिकटला तर लाइट सील, म्हणजे बाहेरचा उजेड अडवणाऱ्या पट्ट्या, गेलेत, पण ते स्वस्तात बदलता येतात, त्यासाठी कॅमेरा सोडू नका. बॅटरीच्या खणात हिरवट बुरा साचला असेल तर मीटर चालवून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका.

पहिल्या कॅमेऱ्यासाठी माझं मत पेन्टॅक्स के१०००. १९७६ ते १९९७ बनत होता, आत काहीच नखरे नाहीत, मीटरची सुई मध्ये आणली की झालं.

खारवारा

बुरशीचं निघालंच आहे तर आमच्या मालवणी हवेतलं ऐका. जून ते सप्टेंबर इथे भिंतीलाही पाझर. माझ्या मामाच्या तीन लेन्स चामड्याच्या केसमध्ये कपाटात राहिल्या आणि दोन पावसाळ्यांत गेल्या. कातळकडांनी केस नको म्हटलं ते शंभर टक्के खरं, चामडं ओल धरून ठेवतं आणि बुरशीला खायलाही घालतं.

परवडत असेल तर ड्राय कॅबिनेट घ्या, आतला दमटपणा ४० ते ५० टक्क्यांवर ठेवा. नाहीतर रबरी कड असलेला हवाबंद डबा, आत सिलिका जेल आणि दमटपणा मोजणारा स्वस्तातला हायग्रोमीटर. निळं जेल गुलाबी झालं की तव्यावर मंद आचेवर परतून घ्यायचं, परत निळं होतं, मात्र तो तवा पुन्हा स्वयंपाकाला नको. आणि सगळ्यात मोठं औषध म्हणजे कॅमेरा वापरणं. दर आठवड्याला बाहेर काढा, उजेड दाखवा, सगळ्या स्पीडवर शटर मारा. बुरशी नवी असेल तर लेन्स उघडून साफ होते. काचेवरचं कोटिंग खाल्लं असेल तर डाग कायमचा.

न वापरलेले रोल फ्रीजमध्ये. बाहेर काढले की डबी लगेच उघडू नका, तासभर खोलीत ठेवा, नाहीतर फिल्मवर दव धरतं.

जेनेसीकाठ

नमस्कार, मी रोचेस्टर, न्यूयॉर्कहून. म्हणजे कोडॅकच्या गावातून. जॉर्ज ईस्टमनने १८८८ साली पहिला कोडॅक विकायला काढला, २५ डॉलरला, आत शंभर फोटोंचा रोल भरूनच. रोल संपला की अख्खा कॅमेरा इथे पाठवायचा, ते फोटो धुऊन, नवा रोल भरून परत पाठवायचे. बटण तुम्ही दाबा, बाकीचं आम्ही बघतो, अशी त्याची जाहिरात होती. घरची धुलाई करणारे तुम्ही लोक नेमकं ते 'बाकीचं' आपल्या हातात परत घेताय, हे मला फार आवडलं. २०१२ मध्ये कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला तेव्हा गावात सुतक होतं. फिल्म मात्र अजूनही इथेच तयार होते. ईस्टमनच्या घरात म्युझियम आहे, १९४९ पासूनचं. कुणी आलात तर जरूर दाखवीन.

कोडॅक्रोमची गोष्ट तर थेट मुंबईशी जोडलेली आहे. १९३५ साली आलेली ती स्लाईड फिल्म २००९ मध्ये बंद झाली. कारखान्यातून निघालेला शेवटचा ३६ फ्रेमचा रोल छायाचित्रकार स्टीव्ह मॅक्करी यांना दिला गेला. त्यांनी त्यातल्या काही फ्रेम भारतात खर्च केल्या, मुंबईत अमिताभ बच्चन, आमीर खान, नंदिता दास यांचे पोर्ट्रेट घेतले आणि राजस्थानात रबारी लोकांचे. जगभर कुठेही काढा, कोडॅक्रोम धुणारी लॅब शेवटी एकच उरली होती, कॅन्सस राज्यातल्या पार्सन्स गावात, आणि तिनेही २०१० च्या डिसेंबरअखेर काम थांबवलं. आज कुणाकडे न धुतलेला कोडॅक्रोम रोल सापडला तर त्याचे मूळ रंग येणं जवळपास अशक्य. कृष्णधवलचं तसं नाही, त्याची रसायनं हायपोवाल्यांनी सांगितली तशी घरी मिसळता येतात. म्हणून मी त्याच्यावर भरवसा ठेवतो.

विमानाने येणाऱ्यांनी रोल चेक-इन बॅगेत अजिबात टाकू नयेत, तिथला एक्स-रे जबर असतो. हातातल्या बॅगेत पारदर्शक पिशवीत ठेवा आणि हाताने तपासायची विनंती करा. नवी सीटी स्कॅनर मशीन एका फेरीतही फिल्मवर धुकं आणू शकतात.

पश्चिमघाट_रॉ

तुम्हा सगळ्यांचं वाचून कृष्णधवल ४०० चा रोल मागवलाय. स्टुडिओत पडून असलेला एक जुना बॉडी आहे, त्यात घालतो. फिल्मने डिजिटलपेक्षा जास्त शिकवलं जातं हे अजूनही मान्य नाही, पण कागदावरचं प्रिंट स्वतः करून बघायचंय. धुलाई घरीच करायची ठरवली आहे. पुण्यात एप्रिलमध्ये नळालाच कोमट पाणी येतं, २० अंश कसे साधायचे?

कातळकडा

वा! २० अंशांचा हट्ट धरू नका, २४ वर काम करा. इल्फर्डचा एचपी५ प्लस रोल असेल तर डी-७६ आणि पाणी निम्मं-निम्मं, २० अंशांना ११ मिनिटं लागतात, २४ ला ८ च्या आसपास. डेव्हलपर पातळ करायचं कारण म्हणजे वेळ पाच मिनिटांच्या वर राहते. त्याहून कमी वेळात धुलाई असमान होते, आभाळात पट्टे येतात. रसायनांच्या बाटल्या आणि फिल्म धुवायची टाकी बर्फाच्या परातीत ठेवा, थर्मामीटर डेव्हलपरमध्ये. डेव्हलपर, स्टॉप (डेव्हलपरचं काम थांबवणारं द्रावण), फिक्सर आणि धुवायचं पाणी या सगळ्यांचं तापमान जवळजवळ सारखं हवं. एकदम थंड-गरम झालं तर इमल्शनला सुरकुत्या पडतात.

पहिली ३० सेकंद हलवायचं, मग दर मिनिटाला चार वेळा टाकी उलटी-सुलटी, हळुवार, आणि शेवटी टेबलावर एकदा आपटायची म्हणजे बुडबुडे सुटतात. फिक्सर जिवंत आहे का ते बघायला फिल्मच्या कापलेल्या शेपटीचा तुकडा त्यात टाका. किती वेळात तो पारदर्शक होतो बघा आणि त्याच्या दुप्पट वेळ फिक्स करा. बोअरचं पाणी असेल तर शेवटची खळबळ डिस्टिल्ड वॉटरमध्ये, नाहीतर क्षारांचे पांढरे डाग वाळून बसतात. वाळत घालायला बाथरूम सगळ्यात उत्तम, गरम शॉवर दोन मिनिटं सोडून बंद केला की हवेतली धूळ खाली बसते.

रीलवर, म्हणजे टाकीतल्या चक्रीवर, फिल्म चढवायची सवय आधी एका वाया घालवायच्या रोलवर करा. पहिल्यांदा उजेडात बघत, मग डोळे मिटून, मग उजेड न शिरणाऱ्या चेंजिंग बॅगेत. प्लॅस्टिकचं रील ओलं असेल तर फिल्म अडकतेच, हेअर ड्रायरने कोरडं करून घ्या.

खारवारा

एक शंका. वापरलेलं रसायन कुठे टाकता? आमच्याकडे सांडपाणी सोकपिटात जातं आणि विहीर परसातच. डेव्हलपरचं तितकं वाटत नाही, पण फिक्सर ओतायला मन होत नाही.

हायपोवाले

मन होत नाही ते बरोबरच आहे, ओतू नका. फिल्मवर ज्या चांदीचं चित्र झालं नाही ती सगळी फिक्सरमध्ये विरघळलेली असते. विहिरीत, मातीत ती जाता कामा नये. आमच्याकडे चांदी काढणारे लोक ठरलेले होते, कॅन घेऊन यायचे, जुना हायपो मोजून घ्यायचे आणि पैसे देऊन जायचे. एक्स-रे क्लिनिकवाल्यांकडेही तेच जायचे. तुमच्या तालुक्याला एक्स-रेची जुनी फिल्म घेणारा कुणी असेल तर आधी त्याला विचारा.

नसेल तर घरी करा. वापरलेला फिक्सर प्लॅस्टिकच्या बादलीत साठवा, त्यात लोखंडी तारेचा लोकर-गुंडा टाका. भांडी घासायची स्टीलची घासणी चालत नाही, साधं गंजणारं लोखंडच हवं. लोखंड विरघळतं आणि चांदी काळ्या गाळासारखी खाली बसते. आठवडाभर झाकण लावून ठेवा, मुलांच्या हाताला लागणार नाही अशा जागी, खिडकी उघडी राहील अशा खोलीत. मग वरचं पाणी हलक्या हाताने दुसऱ्या कॅनमध्ये काढा. त्यातही थोडी चांदी उरते, म्हणून नवा गुंडा टाकून पुन्हा एकदा तसंच करा. उरलेलं पाणी विहिरीपासून लांब, शहराकडे जाणं होईल तेव्हा तिथल्या ड्रेनेजला द्या. गाळ वाळवून काचेच्या बरणीत भरा. बरणी भरली की सोनाराकडे नका नेऊ, तो घेणार नाही, चांदी गाळणाऱ्याकडे न्या.